चौतीस डब्यांचा सज्जा: ट्रीटेड लाकूड लोखंडाला भिडतं तेव्हा

सदाशिव पेठेतला एक वाडा, त्याचा मागचा चौक, आणि पहिल्या मजल्यावर चौकाकडे तोंड केलेला ७.२ मीटर लांब, १.५ मीटर रुंद सज्जा. मूळचा सागवानी सज्जा कुजला म्हणून मालकांनी मार्च २०१९ मध्ये तो नव्याने बांधून घेतला. भिंतीलगत एक आणि चौकाच्या कडेला एक असे दोन आय.एस.एम.बी. २०० चे, म्हणजे इंग्रजी आय आकाराचे २०० मि.मी. उंचीचे लोखंडी गर्डर टाकले. त्यांच्यामध्ये ४५० मि.मी. अंतरावर ५० बाय १५० च्या ट्रीटेड, म्हणजे बुरशी-किडीविरुद्ध रसायन मुरवलेल्या, पाइनच्या १७ कड्या आणि वर त्याच लाकडाच्या फळ्या बसवल्या. खालून पाहिलं की जुन्या कडीपाटाची आठवण यावी, अशी सगळी योजना. प्रत्येक कडीचं टोक ६ मि.मी. प्लेटच्या एका डबीत बसत होतं. दोन बाजू, बूड आणि मागे गर्डरचा वेब, म्हणजे मधली उभी प्लेट, अशी ती डबी जागेवरच वेल्ड केलेली. सतरा कड्यांची दोन-दोन टोकं, म्हणजे चौतीस डब्या.

ऑगस्ट २०२३ मध्ये मला फोन आला. मालकांना सगळा वाडा आप्पा म्हणतो, मीही तेच म्हणते. "फळी पायाखाली हलतेय. वाळवी असेल तर तसं लिहून द्या, म्हणजे लाकूडवाल्याशी भांडायला मी मोकळा."

वाळवी नव्हती. लाकडाला बुरशीही नव्हती. टाचणी खुपसली तरी आत जाईना, इतकं ते कणखर होतं. हलत होती ती फळी धरून ठेवणाऱ्या स्क्रूंमुळे. एक फळी पहारीने उचलली तर सहापैकी चार स्क्रूंची डोकी फळीबरोबर वर आली आणि दांडे कडीतच राहिले. सगळे स्क्रू बरोबर एकाच जागी तुटले होते: फळी संपून कडी सुरू होते त्या सांध्यावर. हे काळे जिप्सम बोर्डाचे स्क्रू होते. हार्डवेअरच्या दुकानात सर्वात आधी हाताला लागतात ते हेच. त्यांच्यावर फॉस्फेटचा काळा थर असतो. घराच्या आत, कोरड्यात, फॉल्स सीलिंगसाठी तो ठीक आहे. उघड्यावर त्याला संरक्षण म्हणणं ही थट्टा आहे.

मग डब्यांकडे वळले. चौकाच्या कडेच्या डब्यांखाली गर्डरवर तपकिरी ओघळ होते. काही डब्यांच्या बाजूच्या प्लेटा फुगल्या होत्या, कारण लोखंडाच्या मूळ जागेपेक्षा गंजाला कितीतरी जास्त जागा लागते. प्लेट आणि कडी यांच्यात बोटाच्या नखाएवढे जाड काळे-तपकिरी पापुद्रे, एकावर एक, चिरोट्यासारखे. एक डबी मी दिव्याखाली नीट पाहिली. बाहेरून रेड ऑक्साइडवर ऑइल पेंटचे दोन हात होते. आत मात्र ब्रश पोचला तिथवरच, म्हणजे तोंडाच्या बोटभर पट्टीत, रंग होता. त्यापुढे वेल्डिंगच्या वेळची निळसर पपडी आणि तिच्यावर थेट लाकूड. पेंटरला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. ५० मि.मी. रुंदीच्या खाचेत, वेल्ड झाल्यावर, दीडशे मि.मी. खोल ब्रश घालून रंगवणं कुणालाही जमलं नसतं.

प्रयोगशाळेत मुद्दाम मांडला असता तर इतका नेटका मांडता आला नसता, असा प्रयोग त्या सज्ज्याने स्वतःच करून ठेवला होता. चौतीसही डब्यांना लोखंड एक, रंग एक, बोल्ट एक, लाकूड एकाच लॉटमधलं. तरीही चौकाकडच्या सतरापैकी पंधरा खराब होत्या आणि भिंतीकडच्या सतरापैकी पंधरा जवळजवळ नव्यासारख्या. चौकाकडच्या चांगल्या राहिलेल्या दोन डब्या अगदी टोकांच्या होत्या. तिथे वरच्या छपराचं वळण थोडं पुढे येतं. मधल्या पंधरांवर छपराच्या पागोळ्या थेट पडत होत्या. पाणी फळीवर पडायचं, फळी आणि गर्डरची वरची आडवी पट्टी (फ्लँज) यांच्यामधल्या फटीतून सरळ कडीच्या टोकावर उतरायचं आणि बूड बंद असलेल्या डबीत मुक्काम करायचं. लाकूड आडव्या अंगापेक्षा टोकाकडून कितीतरी पटीने पाणी पितं, कारण त्याच्या नळ्यांची तोंडं तिथेच उघडी असतात.

भिंतीकडच्या ज्या दोन डब्या खराब होत्या, चौथी आणि पाचवी, त्यांचं कोडं मात्र त्या दिवशी सुटलं नाही. वर छप्पर पक्कं होतं, भिंतीला ओल नव्हती.

ओलावा मोजायचं यंत्र चौकाकडच्या टोकांना २६ ते ३१ टक्के दाखवत होतं आणि भिंतीकडे १५-१६. इथे एक सावधगिरी सांगते. दोन पिना टोचून विजेचा रोध मोजणारी ही यंत्रं क्षार मुरलेल्या लाकडात खरा आकडा फुगवून सांगतात, कारण क्षार वीज वाहतात. म्हणून एका कडीच्या टोकाचा तुकडा कापून वजन केलं, भट्टीत १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवला आणि पुन्हा वजन केलं. यंत्राने जिथे २८ सांगितलं तिथे हिशेब २४ चा आला. तरीही निष्कर्ष बदलत नाही. साधारण १८ टक्क्यांच्या खाली लाकडात रुतलेलं लोखंड गंजण्याचा वेग नगण्य असतो, त्यावर तो चढत जातो आणि लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याने पूर्ण भरतात त्या तिशीच्या आसपास कळसाला पोचतो.

लाकडात काय होतं

बिलावर फक्त "ट्रीटेड पाइन ५० बाय १५०" एवढंच. कशाने ट्रीटेड, ते नाही. लाकडाचा हिरवट रंग तांब्याकडे बोट दाखवत होता. कापलेल्या छेदावर क्रोम अझुरॉलचं द्रावण लावलं तर कडेचा पट्टा गडद निळा झाला, म्हणजे तांबं नक्की. मग पुरवठादाराला तीनदा फोन केल्यावर त्याने डब्यावरचं नाव वाचून दाखवलं: एसीक्यू. म्हणजे तांबं आणि क्वाटर्नरी अमोनियम संयुगं. तांबं बुरशी मारतं, दुसरं द्रव्य तांब्याला दाद न देणाऱ्या बुरशीचा आणि किड्यांचा बंदोबस्त करतं. क्रोमियम नाही, आर्सेनिक नाही.

यावर फॅब्रिकेटर म्हणाला ते लक्षात ठेवण्याजोगं आहे. "मॅडम, माझे वडील ट्रीटेड लाकडाचं काम करायचे. त्या लोखंडाला वीस वर्षं काही झालं नाही." तो खोटं बोलत नव्हता. फक्त त्याच्या वडिलांचं लाकूड वेगळं होतं.

तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण, सीसीए, ही मुळात भारतातली देणगी. सोंटी कामेसम यांनी १९३३ मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत ते शोधलं, 'आस्कू' या नावाने ते जगभर गेलं आणि विजेचे खांब, रेल्वेचे स्लीपर, शीतकरण मनोरे यांच्या लाकडाचं आयुष्य त्याने वाढवलं. त्यातलं क्रोमियम दोन कामं करायचं. तांबं आणि आर्सेनिक लाकडात घट्ट बसवायचं आणि जाता जाता लोखंडावरच्या गंजालाही आवर घालायचं. पुढे आर्सेनिकच्या विषारीपणामुळे घरगुती वापरातून सीसीए मागे हटलं. अमेरिकेत २००३ च्या अखेरीला घरबांधणीच्या बहुतेक लाकडासाठी ते थांबलं आणि एसीक्यू, कॉपर अझोल यांसारखी मिश्रणं पुढे आली. यांत क्रोमियम नाही आणि तांबं आधीपेक्षा जास्त. नाव तेच राहिलं, ट्रीटेड लाकूड. वडिलांचा अनुभव मुलाच्या कामाला जसाच्या तसा लागू होईना, त्याचं कारण हे.

तांबं लोखंडाचं काय करतं, हे समजायला नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला गुरू करावं. बोर्डो मिश्रण करताना तो मोरचुदाच्या द्रावणात चुना मिसळतो आणि फवारण्याआधी लोखंडी विळा त्यात बुडवून बघतो. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, चुना कमी पडला. विळ्यावर चढलेलं ते तांबं द्रावणातून आलं आणि त्याच्या बदल्यात विळ्याचं लोखंड द्रावणात गेलं. शाळेत मोरचुदाच्या द्रावणात खिळा टाकून आपण सगळ्यांनी हेच पाहिलंय. ओल्या कडीत असलेलं विरघळतं तांबं प्लेटशी असाच व्यवहार करतं, फक्त सावकाश, आणि प्राणवायू त्यात भागीदार होतो. जस्ताच्या बाबतीत हा ओढा आणखी मोठा. तांबं आणि लोखंड यांच्या प्रमाण विभवांमध्ये ०.७८ व्होल्टचा फरक आहे, तांबं आणि जस्त यांच्यात १.१० चा. म्हणून पातळ जस्त आधी जातं, मग लोखंडाची पाळी.

पण या सगळ्या व्यवहाराला पाणी लागतं. भिंतीकडच्या पंधरा डब्यांतही तांबं तेवढंच होतं.

आधीच्या दोन दुरुस्त्या

आप्पा स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हेत. २०२२ मध्ये गंजाचे ओघळ दिसल्यावर त्यांनी एका कारागिराकडून पाच डब्यांचे बोल्ट बदलून स्टेनलेसचे घालून घेतले होते. मी पाहिले तेव्हा ते बोल्ट लग्नातल्या ताटासारखे चमकत होते आणि त्यांच्याभोवतीची प्लेट वायसरच्या कडेने खाल्ली गेली होती. स्टेनलेस हे साध्या लोखंडापेक्षा प्रतिष्ठित धातू. ओल्यात दोघांची गाठ पडली की झीज साध्या लोखंडाच्या वाट्याला येते. बोल्ट लहान आणि प्लेट मोठी, म्हणून हा परिणाम मर्यादित राहिला. पण मुळात प्लेट लाकडाला टेकलेली आणि ओलीच होती, त्यामुळे बोल्ट बदलून तिचं काहीच भलं झालं नाही.

दुसरी दुरुस्ती जास्त शिकवणारी. लाकूड आणि लोखंड वेगळं ठेवायचं, हे त्याच कारागिराला उमगलं होतं. त्याने तीन डब्यांत बुडाशी अॅल्युमिनियमचा पत्रा सरकवला. कल्पना बरोबर, धातू चुकीचा. तांब्याच्या क्षारांपुढे अॅल्युमिनियम लोखंडाहूनही दुबळं ठरतं. दीड वर्षात त्या पत्र्याची चाळण झाली होती आणि भोकांच्या कडेला पांढरी भुकटी साचली होती.

किती धोका होता?

हा प्रश्न आप्पांच्या सूनबाईंनी विचारला आणि तो सर्वात योग्य होता. त्यांची दोन मुलं तिथे खेळत होती.

सर्वात वाईट दिसणाऱ्या डबीच्या बुडाचा गंज खरवडून जाडी मोजली. ६ मि.मी. ची सरासरी ५.६ राहिली होती, काही खड्डे १ मि.मी. खोल होते. चौरस मीटरला ३०० किलो भार धरला तरी कडीच्या एका टोकावर जेमतेम १०० किलो येतात. त्या प्लेटला हा भार म्हणजे काहीच नाही. म्हणजे जे बघून घाबरायला होत होतं, ते पापुद्रे, ओघळ, फुगवटे, ते कोसळण्याच्या जवळपासही नव्हतं.

स्क्रूचं गणित मात्र उलटं. ४ मि.मी. च्या स्क्रूचा आट्यांच्या तळाशी व्यास २.६ मि.मी. भरतो. चहूबाजूंनी ०.२ मि.मी. गेलं की उरतो २.२, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ मूळच्या सुमारे ७२ टक्के. प्लेटच्या खात्यात जी झीज नोंदही होणार नाही, ती इथे चौथा हिस्सा घेऊन जाते. शिवाय सांध्यावर, जिथे पाणी रेंगाळतं, तिथे झीज एकाच जागी खोल जाते. त्यात गंजातून सुटलेलं लोखंड भोवतीच्या लाकडाचे तंतू काळे आणि भुसभुशीत करतं. बुरशी न लागलेल्या लाकडातही स्क्रूची पकड ढिली होते ती यामुळे. म्हणून सज्जा वापरायला बंद केला, खालून टेकू लावले आणि काम पावसाळ्यानंतर करायचं ठरवलं. ओल्या लाकडाभोवती नवं लोखंड बसवणं म्हणजे तोच खेळ पुन्हा मांडणं.

दरम्यान सुतार म्हणत होता लोखंड भिकार, फॅब्रिकेटर म्हणत होता लाकडात केमिकल. दोघांचंही बरोबर. मूळ नकाशात कडी सुताराच्या कागदावर होती, डबी फॅब्रिकेटरच्या, आणि कडी डबीत बसते तो सांधा कुणाच्याच कागदावर नव्हता.

डिसेंबरमधलं काम

लाकूड तोवर १२ टक्क्यांवर आलं होतं. सर्वात आधी, बाकी कशालाही हात लावण्याआधी, छपराच्या कडेला पन्हाळ बसवली आणि पाणी नळीने चौकातल्या मोरीत नेलं. एकूण खर्चात ही रक्कम सर्वात लहान होती. तेवढं एकच करायची ऐपत असती, तर मी तेवढंच करायला सांगितलं असतं.

चौकाकडच्या सतराही आणि भिंतीकडच्या खराब दोन डब्या ग्राइंडरने कापून काढल्या. त्या जागी दोन बाजूंना दोन अँगल, बूड पूर्ण मोकळं, कडीचा भार दोन १२ मि.मी. बोल्टांवर. कडीचं टोक आणि गर्डरचा वेब यांच्यात १० मि.मी. फट, म्हणजे वारा खेळेल आणि आलेलं पाणी खाली पडेल. अँगल आधी भोकं पाडून, मगच गरम जस्ताच्या हौदात बुडवून आणले. ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या ५ मि.मी. आणि त्यावरच्या जाडीच्या लोखंडावर आयएस ४७५९ प्रमाणे चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त चढतं, म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉन. जागेवर वेल्ड केलं तर ते जळतं, म्हणून गर्डरलाही बोल्टनेच जोडले. एवढ्या छोट्या लॉटसाठी गॅल्व्हनायझिंगवाला तीन आठवडे ताटकळत ठेवतो, हे वेळापत्रकात आधीच धरावं.

'जी.आय.', म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड, या दोन अक्षरांवर विसंबू नये, हे इथे सांगायलाच हवं. दुकानातला चमकदार बोल्ट बहुधा विजेने मुलामा दिलेला असतो, त्यावर जस्त पाच-दहा मायक्रॉन. पत्र्यावर लिहिलेले २७५ ग्रॅम दोन्ही बाजू मिळून असतात, म्हणजे एका बाजूला वीसेक मायक्रॉन. बुडवून काढलेला बोल्ट राखाडी, खरखरीत आणि थोडा कुरूप दिसतो. ओळखायला ती कुरूपताच कामाला येते. कारागिराने एकदा "हे जुने बोल्ट आहेत, मॅडम, परत करू का" असं विचारलंही.

बोल्ट, नट, वायसर, अँगल सगळे गरम जस्ताचे, एका सांध्यात एकच धातू. फळ्यांचे स्क्रू मात्र स्टेनलेस ३१६ चे, कारण ते अँगलला कुठेच शिवत नाहीत आणि बारीक स्क्रूवर जाड जस्त चढवलं की आटे बुजतात. अँगल आणि कडी यांच्यात २ मि.मी. एचडीपीई या टणक प्लास्टिकची पट्टी, कडीच्या कडेपेक्षा ५ मि.मी. बाहेर काढलेली. पट्टी आत राहिली की तिच्या कडेला पाणी अडतं आणि विभाजक म्हणून घातलेली वस्तू स्पंज बनते. गर्डर पत्रा दिसेपर्यंत घासून झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमर, मधला इपॉक्सी थर आणि वर पॉलियुरेथेन. सहा कड्यांची टोकं स्क्रूभोवती काळी पडली होती, त्या बदलल्या. बाकीच्यांची टोकं २० मि.मी. कापली आणि ताज्या छेदाला ट्रीटमेंटचंच द्रावण दोन हात पाजलं. मूळ कामात हे कुणी केलं नव्हतं. दाबाने भरलेलं द्रावण कडेच्या पट्ट्यातच मुरलेलं असतं, करवत चालली की आतलं कोरं लाकूड उघडं पडतं.

सागवान का नाही, असं आप्पांनी विचारलं. सागवान चाललं असतं. त्याला तांबं पाजावं लागत नाही आणि जुन्या वाड्यांतले खिळे शंभर वर्षं टिकलेत ते कोरड्या, तेलकट सागवानातच. पण बंद डबीत, पागोळ्यांखाली सागवान ठेवलं असतं तरी लोखंड गंजलंच असतं, थोडं उशिरा. पैसे लाकडावर घालण्यापेक्षा सांध्यावर घालावेत असं मला वाटलं, आणि आजही वाटतं.

भिंतीकडच्या पंधरा डब्या तशाच ठेवल्या, फक्त बुडाला १२ मि.मी. ची दोन-दोन भोकं पाडून. काहींना हे अर्धवट वाटेल. कोरड्या राहिलेल्या सांध्याला उगाच हात लावू नये, हे माझं मत.

सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा गेले. चौकाकडची टोकं यंत्रावर १७-१८ दाखवत होती, अँगलवर जस्त तसंच राखाडी. भिंतीकडे चौथ्या-पाचव्या कडीपाशी, जिथे नवे अँगल बसवले होते, तिथे मात्र २५. वर पाहिलं. भिंतीलगत मनीप्लांटची मोठी कुंडी, खाली ताटली नाही, फळीवर ओला गोल डाग. रोज सकाळी साडेसहाला, पूजेच्या आधी, आप्पा तिला तांब्याभर पाणी घालतात, २०१९ पासून न चुकता. आधीच्या दर भेटीत मी दुपारी जात होते, तेव्हा कुंडी ऊन खायला गच्चीवर असायची.

"आप्पा, कुंडी हलवावी लागेल."

"हलवतो की," म्हणाले, आणि माझ्यासमोर ती उचलून सहाव्या कडीवर ठेवली.

तेव्हा मी खाली उतरून कोपऱ्यावरच्या दुकानातून प्लास्टिकची ताटली आणली.